कानातला ताप, काखेतला ताप

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. टेम्परेचर गन जिकडे रोखाल तिथलाच आकडा देते. भट्टीच्या दारातल्या भोकातून आत रोखली तर भट्टीचा, दारावर रोखली तर दाराचा. चकचकीत पॉलिश केलेल्या पार्टवर रोखली तर भलताच, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, उलट आजूबाजूची परतवून देतो. हाच माणूस पहिली पाळी संपवून चिखलीला घरी येतो. बाळाचं अंग गरम लागतंय म्हणून साने चौकातल्या मेडिकलमधून कान-कपाळ दोन्हींना चालणारा थर्मामीटर आणतो. तिथं मात्र तो आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

खरं तर दोन्ही यंत्रं एकाच कुळातली आहेत. भट्टीवरच्या गनमध्ये जी युक्ती, तीच कानाच्या थर्मामीटरमध्ये. आणि कारखान्यात जी सावधगिरी आपण सहज घेतो, तीच घरी पाळण्याजवळ घ्यायला लागते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर जरा जास्तच.

ही युक्ती दोनशे वर्षांहून जुन्या शोधावर उभी आहे. १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून पाडून त्याचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा सगळ्यांत जास्त चढला. हीच अवरक्त किरणं, म्हणजे इन्फ्रारेड. प्रत्येक गरम वस्तू ती टाकत असते, माणसाचं शरीरही. भट्टी लालबुंद होते म्हणून तिची उष्णता डोळ्यांना दिसते. आपल्या अंगाचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे आपली किरणं साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सगळ्यांत तीव्र असतात. डोळ्याला दिसणारा प्रकाश ०.७ मायक्रॉनलाच संपतो. म्हणून तापाने फणफणलेलं मूलही अंधारात चमकत नाही, पण योग्य सेन्सरला ते उजळलेलंच दिसतं. कानाचा थर्मामीटर काचेच्या थर्मामीटरसारखा अंगाची उष्णता स्वतःत मुरू देत नाही, तो कानातून येणारी किरणं टिपतो. त्याला फक्त एक-दोन सेकंद लागतात ते याचमुळे.

मग कानच का? कपाळाचं काय होतं ते २०२० मध्ये करोनाच्या साथीत या पट्ट्यातल्या प्रत्येक कंपनीच्या गेटवर दिसलं. सकाळच्या गारठ्यात मोटारसायकलवरून आलेल्या कामगाराच्या कपाळावर गन रोखली की ९४, ९५ फॅरनहाइट असे आकडे यायचे आणि सिक्युरिटीवाला ते इमानाने वहीत उतरवून घ्यायचा. ते आकडे खरे असते तर निम्मी पाळी दवाखान्यात न्यावी लागली असती. कातडी हा शरीराचा उंबरा आहे, तिथं बाहेरचं हवामानही येऊन बसतं. कानाचा पडदा मात्र आत, आडोशाला असतो. मानेतून वर जाणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या शाखांतून त्यालाही रक्त मिळतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसलाही. शरीराचा ताप किती ठेवायचा हे ठरवणारं केंद्र हेच. थिओडोर बेंझिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या संशोधन संस्थेत पडद्यालगत बारीक तारा टेकवून तापमान मोजलं आणि आतला खरा ताप बघायचा तर ही जागा चांगली, असं ठामपणे मांडलं. पडद्याला तार टेकवणं म्हणजे दुखणं आणि धोका, तेव्हा ही कल्पना प्रयोगशाळेतच राहिली. पुढे न टेकवता किरणं टिपणारे छोटे सेन्सर आले. १९९० च्या सुमारास अमेरिकेत असे थर्मामीटर बाजारात आले. त्यातल्या डायटेक कंपनीच्या थर्मामीटरमागे नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचं तंत्र होतं, ताऱ्यांचं आणि ग्रहांचं तापमान लांबून मोजण्यासाठी तिथं जे वापरत तेच.

कानाचा आणखी एक गुण भट्टीवाल्याला चटकन कळेल. भट्टीच्या भोकातून बघितलं की भिंती कशाच्याही असोत, आकडा बरोबर येतो. आत किरणं इतक्या वेळा आपटत राहतात की पृष्ठभाग चकचकीत की खरखरीत हा फरक उरत नाही. कानाची नळीही अशीच एक पोकळी आहे. म्हणून मोठ्या माणसाच्या कानात नीट घातलेला थर्मामीटर चांगलं काम करतो.

पण हे काम किती नाजूक आहे ते एका हिशेबावरून कळतं. वस्तूतून निघणारी किरणं तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतात. आपल्या शरीराचं निरपेक्ष तापमान साधारण ३१० केल्व्हिन. त्यात एक अंशाची वाढ झाली, म्हणजे ३७ चा ३८ झाला, नॉर्मलचा ताप झाला, तरी कानातून येणारी किरणं फक्त सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतात. एवढासा फरक ओळखून यंत्राला आकडा द्यायचा असतो. आता त्याच्या टोकावरच्या बारीकशा भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असेल, मागच्या वेळचा मळ सुकून चिकटला असेल, तर तो सव्वा टक्का तिथंच अडला. आकडा कमी येतो, ताप असून नसल्यासारखा दिसतो. घरोघरी हे यंत्र वर्ष-दीड वर्षाने ‘खराब होतं’ त्याचं सगळ्यांत साधं कारण हेच असतं. टोक स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसून सुकू दिलं तर अनेकदा ते सुधारतं. प्लॅस्टिकची टोपी लागणारं मॉडेल असेल तर टोपी दर वेळी नवी हवी. पैसे वाचवण्यासाठी एकच टोपी सगळ्या घराला वापरणं म्हणजे सगळ्यांच्या कानातला मळ बाळाच्या आकड्यात मिसळणं.

आता तान्ह्या बाळाचा कान बघा. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, आतल्या बाजूला हाडाची. नवजात बाळात तो हाडाचा भाग अजून तयारच झालेला नसतो. नळी आखूड, अरुंद, मऊ, तिच्या भिंती जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या, आणि पडदा समोर उभा नसून बराच आडवा झुकलेला. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वेळचा चिकट थरही आत असतो. अशा कानात थर्मामीटरचं टोक घातलं तर त्याला पडदा दिसतच नाही, नळीची भिंत दिसते. गन भट्टीच्या दारावर रोखल्यासारखंच हे झालं. यंत्र खोटं बोलत नाही. भिंतीचा आकडा ते प्रामाणिकपणे देतं आणि आपण तो पडद्याचा समजतो.

म्हणून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कानाचा थर्मामीटर वापरू नका असं सांगते. ब्रिटनची मार्गदर्शक सूचना थोडी सैल आहे. पहिले चार आठवडे फक्त काखेत इलेक्ट्रॉनिक थर्मामीटर, त्यानंतर कानही चालेल, असं ती म्हणते. माझं मत अमेरिकी बाजूचं. ब्रिटिश सूचना प्रामुख्याने दवाखान्यात रोज दहा-वीस कान बघणाऱ्या नर्ससाठी आहेत, रात्री दीडला रडणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईसाठी त्या तशाच्या तशा लागू होत नाहीत.

आणि ज्या वेळी घरात थर्मामीटरची शोधाशोध होते ती वेळ बघा. दीड महिन्याचं इंजेक्शन, अडीच महिन्यांचं, साडेतीन महिन्यांचं. पेंटाव्हॅलंट लसीनंतर बऱ्याच बाळांना पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येतो. लसीकरणाला बसलेली सिस्टरही ‘अंग गरम लागलं तर बघा’ असं सांगूनच पाठवते. या तिन्ही वेळी बाळ सहा महिन्यांच्या आतलंच असतं. म्हणजे महागातला कानाचा थर्मामीटर घ्यावासा वाटतो नेमका तेव्हाच त्याचा उपयोग सगळ्यांत कमी. शंभर-दीडशे रुपयांचा काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर त्या वयात जास्त कामाचा.

मोठ्या मुलांतही कान शंभर टक्के भरवशाचा नाही हे सांगून टाकलेलं बरं. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३१ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं, त्यात सुमारे साडेचार हजार मुलांचा कानातला ताप आणि गुदद्वारातला ताप यांची तुलना होती. सरासरी फरक फक्त ०.२९ अंश सेल्सिअस, म्हणजे काहीच नाही म्हणा. पण एकेका मुलाचा आकडा मात्र कितीतरी इकडेतिकडे होता. खरा ताप ३८ असेल तर कानातला आकडा ३६.७ पासून ३८.७ पर्यंत कुठेही पडू शकतो, एवढी ती तफावत. फॅरनहाइटमध्ये सांगायचं तर ९८ ते १०१.७. एका आकड्यात बाळ ठणठणीत, दुसऱ्यात दवाखान्याची धावपळ.

गुदद्वारातलं मोजमाप आतल्या तापाच्या सगळ्यांत जवळचं, यात वाद नाही. पण आपल्याकडे घरी ते कुणी करत नाही, आणि सवय नसलेल्या हाताने करूही नये. राहते काख. काखेला कमी लेखायचं कारण नाही. ९८.६ हा जगप्रसिद्ध ‘नॉर्मल’ आकडा मुळात काखेतूनच आला. जर्मनीत लाइपझिगला कार्ल वुंडरलिश या डॉक्टरने हजारो रुग्णांचा ताप काखेत लांबलचक थर्मामीटर लावून मोजला आणि १८६८ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबटने सहा इंची, पाच मिनिटांत आकडा देणारा थर्मामीटर केला. त्याआधीची यंत्रं फूटभर लांब असत आणि वीस मिनिटं घेत. ताप हा डॉक्टरच्या खिशात मावायला लागला तो तेव्हापासून.

काखेचं सगळं यश टोक कुठं बसतं यावर आहे. काखेतला घाम कोरड्या फडक्याने टिपायचा. टोक काखेच्या अगदी खोलगट भागात, झबल्याच्या आत, थेट कातडीला. दंड छातीशी धरून ठेवायचा आणि पिपाणी वाजेपर्यंत हलू द्यायचं नाही. टोक पाठीकडून बाहेर डोकावत असेल तर आकडा खोलीचा येणार. बाळाला आईने छातीशी घेतलं, अंगावर पाजत असताना मोजलं, तर ते शांतही राहतं.

आपल्या घरातल्या पद्धतीही आकड्यात शिरतात. तेल लावून मालीश, कढत पाण्याची अंघोळ, मग शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी, वर टोपडं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळणं. हे सगळं झाल्यावर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावला तर ९९ च्या वर आकडा दिसणं साहजिक आहे. (धुरीने बाळाच्या श्वासनलिकेला त्रास होतो ही बालरोगतज्ज्ञांची तक्रार वेगळीच, आणि ती खरी आहे.) दुपटं सैल करा, अर्धा तास जाऊ द्या, मग मोजा. आकडा खाली आला तर तो ताप नव्हता. अर्ध्या तासाने तसाच राहिला किंवा चढला, तर मात्र तो ताप. दृष्ट काढायला हरकत नाही, फक्त आधी थर्मामीटर आणि मग मीठ-मोहरी.

एप्रिल-मेमध्ये याचा वेगळाच प्रकार होतो. चिखली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, तेव्हाचं इंद्रायणीकाठचं शेतकऱ्यांचं गाव आता कामगारांच्या खोल्यांनी भरून गेलं आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं पत्र्याच्या छताखाली राहतात. दुपारी अशा खोलीत बाहेरच्या पाऱ्यापेक्षाही जास्त तापतं. तान्ह्या बाळाला घाम नीट येत नाही, दूध कमी पडलं तर अंगातलं पाणी लवकर घटतं आणि जंतुसंसर्ग नसतानाही अंग तापतं. दुसरी अडचण यंत्राची. बहुतेक कानाचे थर्मामीटर १० ते ४० अंश सेल्सिअसच्या खोलीतच नीट चालतात. पत्र्याखालची खोली दुपारी ती वरची हद्द ओलांडते, तेव्हा तिथं यंत्र चूक दाखवणार किंवा एरर देणार. कपाटातून काढून लगेच कानात घालणंही चुकीचं. जिथं मोजायचं त्या खोलीत ते अर्धा तास ठेवलं की त्याचं अंग खोलीशी जुळतं.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते खालच्या आकड्याकडे. ताप म्हटलं की आपल्या मनात चढलेला पाराच येतो. नवजात बाळात जंतुसंसर्ग रक्तात पसरला की अंग उलट गारही पडतं. हे ज्यांनी गावपातळीवर दाखवून दिलं ते महाराष्ट्रातलेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन, श्वास आणि ताप घरोघर जाऊन मोजायला शिकवलं, धोक्याची लक्षणं ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतलं नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. पुढे २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या घरभेटींचा कार्यक्रम आला तो याच वाटेने. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिच्या पिशवीत काखेचा साधा डिजिटल थर्मामीटर असतो, कानाचा नसतो.

सरकारी सूचनांप्रमाणे दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त आलं, तरी धोका. आणि ३५.५ अंशांच्या, म्हणजे ९५.९ च्या खाली गेलं तरी धोका. अमेरिकेत तीन महिन्यांच्या आत १००.४ ला लगेच डॉक्टर गाठा असं सांगतात, पण तो आकडा गुदद्वारातला. काख थोडं कमी दाखवते म्हणून तिची रेषाही खाली आहे, दोघांत भांडण नाही. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये ९४-९५ च्या खाली रेषाच नसायच्या. बाळ गार पडलंय हे तो दाखवूच शकत नव्हता. पारा फुटून घरभर पसरण्याची भीती वेगळीच. तमिळनाडूत कोडाईकनालचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये प्रदूषणामुळे बंद पडला आणि २०१७ पासून अमलात आलेल्या मिनामाता करारात असे थर्मामीटर हळूहळू बंद करायचं ठरलं. पाऱ्याच्या थर्मामीटरला निरोप द्यायला हरकत नाही.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळात काखेतला आकडा ३७.५ किंवा त्याच्या वर, नाहीतर ३५.५ च्या खाली गेला तर घरी पॅरासिटामॉलचा थेंब देऊन सकाळची वाट बघू नये. चिखलीतून पिंपरीचं वायसीएम रुग्णालय फार लांब नाही, जवळचा बालरोगतज्ज्ञही चालेल. लसीच्या दुसऱ्या दिवशीचा ताप असेल तर सिस्टरला किंवा डॉक्टरला आधी फोन करा, तेच सांगतील कधी यायचं. आणि आकडा कितीही चांगला दिसत असला तरी बाळ दूध ओढत नसेल, जागं करूनही मलूल पडून राहत असेल, छाती आत ओढून श्वास घेत असेल, तर थर्मामीटर बाजूला ठेवून निघायचं.

कानाचं यंत्र वाया गेलं असं समजू नका. मूल सहा महिन्यांचं झालं की ते कामाला येतं, आणि खरी मजा दोन-तीन वर्षांच्या पोरात. काखेत थर्मामीटर धरून बसायला ते तयार नसतं, झोपलेल्या पोराच्या कानात एका सेकंदात काम होतं. वर्षाच्या आतल्या बाळाचा कान सरळ मागे ओढायचा, त्यापुढच्या मुलाचा वर आणि मागे. असं केलं की नळीचं वळण सरळ होतं आणि सेन्सरला पडदा दिसतो. टोक कानातल्या भोकाकडे नीट, पुढच्या बाजूला डोळ्याकडे रोखून, घट्ट पण दुखणार नाही एवढं बसवायचं. ज्या कानावर मूल झोपलं होतं तो कान गरम असतो, तो टाळायचा. मोटारसायकलवर थंड वाऱ्यातून मोशीहून घरी आणलं असेल तर वीस मिनिटं थांबायचं. मळ साचलेल्या कानात आकडा कमी येतो, पण तो मळ काडीने काढायला जाऊ नये, पडद्याला इजा होते.

बटण चुकून दाबलं गेलं की अशी यंत्रं फॅरनहाइटवरून सेल्सिअसवर जातात. ३८.६ बघून ‘पारा एकदम उतरला’ म्हणून निश्चिंत झालेली घरं मला माहीत आहेत. तो १०१ च्या वरचा ताप असतो. काखेतल्या आकड्यात एक अंश मिळवून डॉक्टरला सांगायची पद्धतही सोडून द्यावी. मिळवलेला आकडा कुठला, मोजलेला कुठला, हे फोनवर कळत नाही. ‘काखेत १००.८, साडेनऊला मोजला, वजन साडेपाच किलो, औषध सातला दिलं होतं, दूध पितंय पण रोजच्यापेक्षा कमी’ असं सांगितलं की डॉक्टरला हवं ते सगळं मिळतं.